मुलांमध्ये आयबीडी किती जणांना होतो, हे मोजायचे कसे?

प्रश्न असा आला आहे: एका बालरोग विभागात दहा वर्षांपूर्वी वर्षभरात आयबीडीचे, म्हणजे आतड्याच्या दीर्घकाळ चालणाऱ्या दाहक आजाराचे, ४ नवे बालरुग्ण सापडले होते. गेल्या वर्षी १९ सापडले. मग आजार जवळजवळ पाचपट वाढला असे लिहिता येईल का? आणि दर लाख मुलांमागे किती, हा आकडा काढायचा तर सुरुवात कुठून करायची?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. असे लिहू नका. आजार वाढलेला असेलही, आणि जगभरच्या नोंदी पाहता तशी शक्यता बरीच आहे. पण तुमच्या १९ रुग्णांवरून ते सिद्ध होत नाही. विभागाचे काम किती वाढले, एवढेच त्यांच्यावरून कळते. मधल्या दहा वर्षांत मुलांची कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी, करणारे डॉक्टर विभागात आले असतील, आसपासचे बालरोगतज्ज्ञ रुग्ण तुमच्याकडे पाठवू लागले असतील, आतड्याचा दाह दाखवणाऱ्या, विष्ठेतल्या कॅलप्रोटेक्टिन या प्रथिनाची तपासणी हाताशी आली असेल. यांतली एकेक गोष्ट आकडा दुप्पट करायला पुरेशी आहे, आणि आजार मात्र होता तेवढाच असू शकतो.

शाळेतला अपूर्णांक आठवा. तुमच्या दारात आलेली मुले हा अंश. छेद म्हणजे अशी सगळी मुले, जी आजारी पडली असती तर तुमच्या मोजणीत नक्की आली असती. सगळा भार या ‘नक्की’वर आहे. मोठ्या रुग्णालयात दोनशे किलोमीटरवरून एक मूल येते आणि शेजारच्या गल्लीतले मूल दुसऱ्याच डॉक्टरांकडे जाते, म्हणून रुग्णालयाच्या यादीला छेदच नसतो. छेद हवा असेल तर नकाशावर रेघ ओढावी लागते: एवढा हा भाग, त्यात राहणारी अमुक वयाची इतकी मुले, आणि त्यांतल्या कुणाला आजार झाला तर निदान कुठेही होवो, ते आम्ही शोधून आणू. बाहेरगावाहून येऊन तुमच्याकडे निदान झालेले मूल मोजायचे नाही. भागातले मूल दुसऱ्या शहरात निदान करून आले तरी ते मोजायचे. सुरुवातीला हे जिवावर येते, कारण आपण स्वतः तपासलेली, नावानिशी ओळखत असलेली मुले यादीतून काढावी लागतात. पण आकडा खरा व्हायचा असेल तर मेहनत सापडलेल्या मुलांवर कमी आणि न सापडलेल्या मुलांवर जास्त करायची असते. मी आजवर ज्या ज्या नोंदींचे काम केले, त्या सगळ्यांचा कस तिथेच लागला.

आता काय मोजायचे ते पाहू. इन्सिडन्स म्हणजे वर्षभरात दर लाख मुलांमागे नव्याने निदान झालेली मुले. प्रिव्हॅलन्स म्हणजे एखाद्या ठरलेल्या दिवशी दर लाख मुलांमागे हा आजार असलेली एकूण मुले, मग निदान कालचे असो की सहा वर्षांपूर्वीचे. पुस्तकात ही व्याख्या सगळे वाचतात, पण मुलांच्या बाबतीत तिला एक वळण आहे आणि त्याकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. मोठ्यांमध्ये आयबीडी साचत जातो. तरुणपणी जडतो, पूर्ण बरा होत नाही, त्यातून मृत्यूही क्वचितच होतो, त्यामुळे नवे रुग्ण स्थिर राहिले तरी एकूण रुग्ण वर्षानुवर्षे वाढतच राहतात. मुलांच्या यादीतून बाहेर पडायला मात्र एक हमखास दार आहे, ते म्हणजे वाढदिवस. अठरा वर्षे पूर्ण झाली की मूल यादीतून जाते. आजार त्याच्यासोबत जातो, आपल्या आकड्यातून मात्र वजा होतो. म्हणून मुलांमधला प्रिव्हॅलन्स ढोबळमानाने इन्सिडन्स गुणिले यादीत राहण्याची सरासरी वर्षे एवढाच निघतो.

हे गणित प्रत्यक्षात किती जुळते ते बघा. कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात अठरा वर्षांखालच्या मुलांमध्ये २००५ साली इन्सिडन्स दर लाखाला ११.४ होता आणि प्रिव्हॅलन्स ५६.३. भागाकार येतो जवळजवळ पाच वर्षे. त्याच देशातल्या पाच प्रांतांच्या १९९९ ते २०१० या काळातल्या अभ्यासात मर्यादा सोळा वर्षांची होती. तिथे इन्सिडन्स ९.६८ आणि प्रिव्हॅलन्स ३८.२५, म्हणजे भागाकार सुमारे चार. दार दोन वर्षे आधी उघडले, यादीतला मुक्काम साधारण वर्षभराने घटला. निदानाचे सरासरी वय साधारण बारा-तेरा वर्षे असते हे लक्षात घेतले तर दोन्ही आकडे पटतात. तुमची मोजणी पूर्ण झाल्यावर हा भागाकार जरूर करून बघा. उत्तर दहा-बारा वर्षे आले तर एकतर नवे रुग्ण निसटत आहेत, नाहीतर प्रिव्हॅलन्सच्या यादीत आयबीडी नसलेली मुले शिरली आहेत. दीड वर्ष आले तर जुने रुग्ण हरवले आहेत. आजार वेगाने वाढत असेल तर प्रिव्हॅलन्स थोडा मागे रेंगाळतो आणि भागाकार जरा लहान येतो, तेवढी सूट द्यायची. कुठलेही सॉफ्टवेअर न वापरता होणारी ही तपासणी आहे आणि तिने मला एकापेक्षा जास्त वेळा चुकीच्या आकड्यापासून वाचवले आहे.

यावरून वयोमर्यादेचे महत्त्वही कळेल. या आजाराचा आलेख पौगंडावस्थेत चढतो. पंधरा, सोळा, सतरा या वर्षांत नव्या निदानांची गर्दी असते. म्हणून सोळाखालचा दर आणि अठराखालचा दर शेजारी ठेवून ‘त्यांच्याकडे जास्त, आमच्याकडे कमी’ असे म्हणणे चूक आहे. तुलना करायचीच असेल तर पाच-पाच वर्षांचे गट पाडा आणि प्रत्येक गटाचा दर वेगळा द्या, म्हणजे वाचणारा हव्या त्या मर्यादेला तो जुळवून घेऊ शकेल. शिवाय लोकसंख्येत लहान बाळांचे प्रमाण जास्त असेल तर एकूण दर आपोआप खाली दिसतो, त्यासाठी वयानुसार प्रमाणीकरण, म्हणजे दोन्हीकडे वयोगटांचे प्रमाण सारखे धरून दर काढणे, करावे लागते.

रुग्ण कुणाला म्हणायचे, हा भाग सगळ्यात किचकट. मुलांसाठी निदानाचे पोर्टो निकष २००५ साली आले आणि २०१४ मध्ये सुधारले गेले. त्यांचा गाभा असा: वरून आणि खालून दोन्ही बाजूंनी एंडोस्कोपी (दुर्बिणीने तपासणी), खालची एंडोस्कोपी करताना लहान आतड्याच्या शेवटच्या टोकापर्यंत पोहोचणे, दिसायला निरोगी वाटणाऱ्या जागांसह ठिकठिकाणच्या बायोप्सी (तपासणीसाठी काढलेले तुकडे), आणि लहान आतड्याचे इमेजिंग. त्यानंतर क्रोन्स (पचनमार्गात कुठेही होऊ शकणारा), अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्यापुरता) किंवा ‘वर्गीकरण न झालेला आयबीडी’ यांपैकी एक शिक्का. कागदावर हे स्वच्छ आहे. प्रत्यक्षात निम्म्या केस पेपरांवर यातले काहीतरी राहिलेले असते. टोकापर्यंत स्कोप गेलेला नसतो, बायोप्सी एकाच जागची असते, इमेजिंग झालेलेच नसते. अशी मुले गाळली तर आकडा उगाच खाली येतो, सरसकट घेतली तर उगाच वर जातो. मी ‘निश्चित’, ‘संभाव्य’ आणि ‘शक्यता’ असे तीन कप्पे ठेवतो आणि निकाल दोन स्वरूपांत देतो: फक्त निश्चित धरून किती, आणि निश्चित व संभाव्य मिळून किती. या दोन आकड्यांतले अंतर म्हणजे तुमच्या भागातल्या निदानाचा दर्जा. ते लपवू नका.

जिथे आतड्याचा क्षयरोग आढळतो तिथे आणखी एक अडचण येते. लहान आतड्याच्या शेवटी व्रण, बायोप्सीत ग्रॅन्युलोमा (दाहाच्या पेशींच्या गाठी), वजन घटलेले, ताप येऊन-जाऊन. क्रोन्स आणि क्षयरोग, दोघांचेही चित्र हेच. अनेकदा आधी क्षयरोगाची औषधे दिली जातात आणि काही महिन्यांनी स्कोप पुन्हा करून व्रण भरले का ते पाहिले जाते. अशा मुलाला पहिल्या दिवशी यादीत घालू नये आणि विसरूही नये. ‘निर्णय बाकी’ असा वेगळा रकाना ठेवा आणि त्याला तारीख लावा. तारीख नसलेला ‘बाकी’ कधीच निकाली निघत नाही.

प्रकारांचे शिक्केही बदलत राहतात. आज ‘वर्गीकरण न झालेला’ म्हणून नोंदलेले मूल दोन वर्षांनी क्रोन्समध्ये जाते, कोलायटिस म्हणून नोंदलेल्या मुलाच्या लहान आतड्यात पुढे व्रण दिसतात. त्यामुळे एकूण आयबीडीचा दर प्रकारवार दरांपेक्षा नेहमी जास्त भरवशाचा असतो. एकाच भागात पंधरा वर्षांत क्रोन्स वाढला आणि कोलायटिस घटला असे दिसले, तर आधी विचारा की मधल्या काळात लहान आतड्याचे एमआरआय सुरू झाले का. आजाराने रूप बदलले की आपण आत जास्त खोल पाहू लागलो, हे त्यावर ठरते.

फार लहान मुलांचा प्रश्न मला नेहमी अस्वस्थ करतो. सहा वर्षांखाली सुरू होणाऱ्या आयबीडीला वेगळे मानतात, आणि दोन वर्षांखालच्या बाळांमध्ये तर एकाच जनुकातल्या दोषामुळे आजार झालेला असण्याची शक्यता लक्षणीय असते. दाह आवरणाऱ्या इंटरल्यूकिन-१० या प्रथिनाच्या ग्राहकातला दोष २००९ साली असाच पुढे आला. ही बाळे आयबीडीच्या यादीत धरायची की प्रतिकारशक्तीच्या आजारांच्या? माझे मत स्पष्ट आहे: धरायची, पण वेगळी खूण करून. आज जनुकीय तपासणी झाली म्हणून बाळ यादीतून काढले तर ज्या वर्षी तपासणी सुरू झाली त्या वर्षी आजार घटल्याचा भास होईल. त्या बाळांची संख्या आधीच इतकी कमी असते की दोन नावे इकडची तिकडे झाली तरी दर हलतो.

आता रुग्ण शोधायचे कसे? उत्तम मार्ग म्हणजे लोकसंख्येवर आधारलेली नोंदवही. उत्तर फ्रान्समधली एपिमॅड ही त्यातली जुनी आणि नावाजलेली. १९८८ पासून चार प्रशासकीय विभागांतल्या सुमारे साठ लाख लोकांमध्ये ती चालते. तिथे डॉक्टरांनी आपणहून नाव कळवावे अशी वाट पाहिली जात नाही. नोंदवहीची माणसे पोटविकारतज्ज्ञांकडे जाऊन केस पेपर पाहून प्रश्नावली भरतात आणि मग दोन तज्ज्ञ स्वतंत्रपणे निदानाची खात्री करतात. खर्च आहे, वेळ आहे, पण अंश खणखणीत मिळतो.

ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये १९९८-९९ या वर्षभरात वेगळा रस्ता घेतला गेला. तिथे दुर्मिळ बालआजारांसाठी बालरोगतज्ज्ञांना दर महिन्याला कार्ड पाठवण्याची पद्धत होती, त्यात आयबीडी घेतला. मोठ्यांच्या पोटविकारतज्ज्ञांनाही विचारले. सोळा वर्षांखाली दर लाखाला ५.२ हा दर निघाला आणि त्यात सुमारे ६० टक्के क्रोन्स होता. मला या पद्धतीतले आवडते ते म्हणजे ‘या महिन्यात एकही नाही’ हेसुद्धा कळवायचे असते. कार्ड परत आलेच नाही तर रुग्ण नव्हता की डॉक्टर कामात होते, हे कळत नाही. ‘एकही नाही’ असे लिहून आले तर कळते. तुम्ही छोट्या प्रमाणावर काही सुरू करणार असाल तर हे जरूर उचला. महिन्याच्या एक तारखेला भागातल्या प्रत्येक डॉक्टरला एक संदेश, आणि शून्य असले तरी उत्तर.

तिसरा मार्ग म्हणजे आधीच जमा होणारा प्रशासकीय डेटा: विम्याची बिले, रुग्णालयात दाखल झाल्याच्या नोंदींतले आजारांचे कोड, औषधांच्या नोंदी. तो मोहात पाडतो, कारण लाखो मुलांची माहिती एका रात्रीत मिळते. इथे थोडे थांबतो, कारण दुर्मिळ आजारात हा डेटा कसा फसवतो हे आकड्यांशिवाय पटत नाही. समजा दहा लाख मुले आहेत आणि त्यांतल्या ५०० जणांना खरोखर आयबीडी आहे. तुमचा नियम ९० टक्के खरे रुग्ण पकडतो, म्हणजे ४५०. आणि निरोगी मुलांपैकी ९९.५ टक्के जणांना बरोबर ‘नाही’ म्हणतो. ऐकायला उत्तम. पण उरलेला अर्धा टक्का म्हणजे जवळजवळ ५,००० मुले. यादी होते साधारण ५,४५० जणांची आणि त्यात खरे रुग्ण बारात एक. म्हणजे दर खऱ्याच्या जवळजवळ अकरा पट. कारणही साधे आहे. जुलाब झाले, कुणीतरी ‘कोलायटिसची शंका’ म्हणून कोड टाकला, तपासणीत काही निघाले नाही, कोड मात्र राहिला. म्हणून एका भेटीवरच्या एका कोडवर मुलाला रुग्ण ठरवायचे नसते. ओंटारियोच्या संशोधकांनी आपला नियम खऱ्या केस पेपरांशी ताडून ठरवला: कोलोनोस्कोपी झालेल्या मुलाच्या बाबतीत तीन वर्षांत चार बाह्यरुग्ण भेटी किंवा दोनदा दाखल होणे, कोलोनोस्कोपी नसेल तर सात भेटी किंवा तीनदा दाखल होणे. नियम त्यांचा घेऊ नका, पद्धत घ्या. प्रत्येक ठिकाणी कोड टाकण्याच्या सवयी निराळ्या असतात, त्यामुळे ताडून पाहणे दर ठिकाणी नव्याने करावे लागते.

त्याच डेटात दुसरा खड्डा आहे तो पहिल्या वर्षांचा. नोंदी ज्या वर्षापासून सुरू होतात त्या वर्षी चार वर्षे आजारी असलेले मूलही प्रथमच दिसते आणि नवे म्हणून मोजले जाते. मग इन्सिडन्स पहिल्या वर्षी उंच आणि पुढे उतरता दिसतो. त्यासाठी आधीची काही वर्षे रिकामी सोडायची आणि त्या काळात कोडच नसलेल्या मुलालाच ‘नवे’ म्हणायचे. दुसऱ्या भागातून नुकत्याच राहायला आलेल्या मुलालाही हाच नियम लावायचा.

घरोघरी जाऊन मोजणे हा चौथा मार्ग. पंजाबमध्ये अल्सरेटिव्ह कोलायटिसचा असा एक अभ्यास झाला, तो २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. सर्व वयांच्या ५१,९१० लोकांत २३ रुग्ण सापडले, म्हणजे प्रिव्हॅलन्स दर लाखाला ४४.३. वर्षभराने त्याच भागात पुन्हा फेरी झाली तेव्हा ४९,८३४ लोकांत ३ नवे रुग्ण होते, म्हणजे इन्सिडन्स ६.०२. काम कौतुकास्पद आहे, पण तो ६.०२ हा आकडा तीन माणसांवर उभा आहे आणि त्याची ९५ टक्के विश्वासमर्यादा, म्हणजे योगायोग धरून खरा आकडा ज्या पट्ट्यात असावा तो पट्टा, १.२ ते १७.६ इतकी रुंद आहे. सगळी वये मिळून ही स्थिती, तर मुलांमध्ये, जिथे आजार आणखी विरळ, तिथे घरोघरी जाऊन इन्सिडन्स काढणे जवळजवळ अशक्य. प्रिव्हॅलन्ससाठीसुद्धा कित्येक लाख मुले लागतील.

योगायोगाचा विषय निघालाच आहे तर तुमचे आकडे पाहू. मोजलेल्या ४ रुग्णांमागचा खरा सरासरी आकडा १.१ ते १०.२ यांत कुठेही असू शकतो. १९ साठी हीच मर्यादा ११.४ ते २९.७. दोन्ही पट्टे एकमेकांना शिवत नाहीत, म्हणजे वाढ निव्वळ योगायोगाने दिसत नाही हे खरे. पण योगायोग बाद झाला म्हणजे आजार वाढला हे सिद्ध झाले असे नाही. कारण काय, हा प्रश्न तसाच राहतो. समजा तुमच्या भागात पाच लाख मुले आहेत आणि १९ च्या १९ मुले तिथलीच आहेत, तर दर ३.८ येईल आणि मर्यादा २.३ ते ५.९. एकट्या वर्षाचा दर छापण्यापेक्षा तीन किंवा पाच वर्षे एकत्र करा.

हाताशी दोन याद्या असतील तर न सापडलेल्या मुलांचा अंदाजही काढता येतो. समजा पोटविकार बाह्यरुग्ण विभागाच्या यादीत ३० मुले आहेत, औषधे पुरवणाऱ्या केंद्राच्या यादीत २४, आणि दोन्हीकडे असलेली १८. प्रत्यक्ष दिसलेली मुले झाली ३६. आता ३० गुणिले २४ भागिले १८ केले की ४० येतात, म्हणजे साधारण चार मुले दोन्हीकडून निसटली. तळ्यातल्या माशांना खूण करून सोडायचे, पुन्हा जाळे टाकायचे आणि खुणेचे किती येतात ते पाहायचे, तेच हे गणित. अट एकच, दोन्ही याद्या एकमेकींवर अवलंबून नसाव्यात. बाह्यरुग्ण विभाग आणि त्याच रुग्णालयाची पॅथॉलॉजी घेतलीत तर स्कोप झालेले मूल दोन्हीकडे असणारच. मग सामायिक मुले फुगतात आणि निसटलेली कमी भासतात.

तरीही पॅथॉलॉजीची यादी मागाच, वेगळ्या कारणासाठी. एकदा आम्ही भागातल्या सगळ्या प्रयोगशाळांतले मुलांच्या आतड्याच्या बायोप्सीचे अहवाल आमच्या नोंदवहीशी ताडले. नोंदवहीत नसलेली मुले निघाली ती शल्यविभागातली. अपेंडिक्स म्हणून पोट उघडले, लहान आतड्याचे टोक सुजलेले दिसले, तुकडा तपासायला गेला, अहवालात क्रोन्सशी सुसंगत असे लिहिले होते आणि तो अहवाल पुढे कुणीच वाचला नव्हता. दुसरा गट सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलींचा, जे थेट मोठ्यांच्या डॉक्टरांकडे गेले होते. त्यातली एक मुलगी तीन वर्षे इंचभरही वाढली नव्हती आणि तिची पाळीही सुरू झालेली नव्हती. क्रोन्स मुलांमध्ये उंची अडवतो आणि हाडे पक्की होण्याआधीचा काळ एकदा गेला की परत मिळत नाही. तिचे नाव माझ्या यादीतल्या एका रिकाम्या ओळीच्या जागी आले, पण ती ओळ दोन वर्षे आधी भरली असती तर तिच्यासाठी खूप काही वेगळे झाले असते. तेव्हापासून भागातल्या मोठ्यांच्या पोटविकारतज्ज्ञांना आणि सर्जनना भेटायला मी स्वतः जातो.

उरला वाढीचा प्रश्न: आजार खरोखर वाढला की आपण जास्त शोधू लागलो? याचे सरळ उत्तर देणारी एकच चाचणी नाही, पण काही खुणा एकत्र पाहिल्या तर अंदाज येतो. शोध सुधारला असेल तर लक्षणे सुरू झाल्यापासून निदानापर्यंतचा काळ कमी होतो, सौम्य रुग्णांचे प्रमाण वाढते, आणि साचलेले जुने रुग्ण निदान होऊन गेले की वक्र पुन्हा सपाट होतो. म्हणून केस पेपरवरून लक्षणांची पहिली तारीख आणि निदानाची तारीख, दोन्ही नोंदवा. दुसरी खूण कोलोनोस्कोपींची संख्या. स्कोप पाचपट झाल्या आणि रुग्णही पाचपट, तर दर शंभर स्कोपमागे आजार तेवढाच सापडतो आहे. यावरून आजार वाढला नाही असेही म्हणता येत नाही, पण सावध राहायला हवे. तिसरी आणि माझ्या मते सगळ्यात भरवशाची: रक्ताचे जुलाब होणाऱ्या तीव्र कोलायटिसने दाखल झालेली मुले वेगळी मोजा. असे मूल आजही रुग्णालयात येते आणि वीस वर्षांपूर्वीही येत होते. सौम्य आजारासारखे ते घरी वर्षानुवर्षे दडून राहत नाही. हा आकडा चढत असेल तर आजार वाढतो आहे असे मी मानतो.

जगभरचा पुरावा पाहिला तर वाढ खरी आहे असेच मला वाटते. स्कॉटलंडमध्ये सोळाखालचा दर १९९०-९५ मध्ये ४.४५ होता, २००३-०८ मध्ये ७.८२ झाला. कॅनडात शून्य ते पाच वयोगटात १९९९ ते २०१० या काळात दर वर्षाला ७.१९ टक्के वाढ दिसली. हा वेग टिकला तर दहा वर्षांत दुप्पट. अर्थात त्या गटातले मूळ आकडेच लहान असतात, हे विसरू नये. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात काळानुसार बदल तपासणाऱ्या अभ्यासांपैकी पाचात चारांहून जास्त ठिकाणी इन्सिडन्स वाढलेला होता. फिनलंडसारख्या ठिकाणी तो दर लाखाला २३ पर्यंत गेलेला आहे. पण मला सगळ्यात पटणारा पुरावा स्थलांतरितांचा आहे. दक्षिण आशियातून कॅनडात गेलेल्यांच्या, तिथेच जन्मलेल्या मुलांमध्ये आयबीडीचा धोका तिथल्या इतर मुलांइतकाच निघाला, आणि तिथे गेलेल्यांमध्ये जे जितक्या लहान वयात गेले त्यांचा धोका तितका जास्त. दोन्ही गट एकाच आरोग्यसेवेत, एकाच पद्धतीने मोजलेले. जनुके एका पिढीत बदलत नाहीत, म्हणून बालपणीच्या परिसरात काहीतरी आहे हे मानावे लागते.

म्हणूनच जिथे आज आकडा कमी दिसतो तिथली मोजणी आत्ता सुरू होणे फार महत्त्वाचे आहे. वाढ होऊन गेल्यावर सुरुवातीचा आकडा कुठूनही परत आणता येत नाही.

तुम्हाला सुरुवातीला फार काही लागणार नाही. जन्मतारीख, राहण्याचे ठिकाण, लक्षणांची पहिली तारीख, निदानाची तारीख, निदान कशाच्या आधारे झाले, आणि वर्षभराने पुन्हा पाहून ठरवलेले अंतिम निदान. नाव वेगळ्या कुलूपबंद यादीत, मोजणीच्या तक्त्यात फक्त क्रमांक. आणि गेल्या वर्षीच्या १९ केस पेपरांवर पत्त्याचा रकाना भरलेला आहे का ते आधी बघा. भरलेला असेल तर त्यांतली किती मुले तुमच्या भागातली आणि किती बाहेरची, हे आज संध्याकाळीच कळेल. नसेल तर उद्यापासून येणाऱ्या प्रत्येक मुलाच्या पालकांना तो एक प्रश्न विचारायला सुरुवात करा.